‘आमच्याकडची कॉफी’ : घरातल्या एका चवीचा इतिहास



पाटणमध्ये कॉफीवर व्याख्यान आहे म्हटल्यावर काहींनी आधीच विचारून घेतलं, की विषय छापण्यात काही चूक तर झाली नाही ना? कारण हे चहाचं गाव. एस.टी. स्टँडवर उतरल्यापासून माणसाला पहिला प्रश्न येतो तो चहाचाच. आणि नेमकं त्यामुळेच आज आपण कॉफी घेतली आहे. चहा इतका अंगवळणी पडलाय, की त्याच्याकडे बघायचं आपल्याला सुचतच नाही. कॉफीचं तसं नाही. ती आपल्या घरात प्रसंगाने होते. खास पाहुणा आला, उपास आला, मुलांची परीक्षा आली, आषाढात आठ-आठ दिवस झड लागली, की कोणीतरी म्हणतं, आज कॉफी टाका. त्यामुळे ती कोणी केली, कशात केली, कोणासाठी केली, हे लोकांच्या लक्षात राहतं. बदल तपासायला अशी वस्तू फार सोयीची असते.

आपला आजचा प्रश्न एकच आहे. घरातली चव बदलते, तेव्हा नेमकं काय बदलतं? आपण पटकन म्हणतो, ‘आवड बदलली.’ जणू काही एके दिवशी सकाळी उठून जिभेने आपलं मत बदललं. पण थोडं मागे जाऊन पाहिलं तर असं दिसतं, की जीभ बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी बदलते. आधी बाजार बदलतो, मग चुलीवरचं भांडं बदलतं, मग घरात कोणी कोणाला काय द्यायचं याचे नियम बदलतात. आणि एवढं सगळं झाल्यावर जीभ सांगते, ‘मला पहिल्यापासून हेच आवडतं.’ आता हे ‘पहिल्यापासून’ म्हणजे केव्हापासून, ते आज आपण बघू.

बुंद नावाचा दाणा

कॉफी हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला, पण दाणा आधी आला होता. जुन्या मराठीत कॉफीच्या दाण्याला ‘बुंद’ म्हणत. अरबीत ‘बुन्न’ म्हणतात, त्याचंच हे रूप. म्हणजे इंग्रजी राज्य यायच्या आधीच्या अरबी समुद्रावरच्या व्यापाराची खूण ह्या शब्दात राहिली आहे. येमेनमधल्या मोखा बंदरातून कॉफी जगभर जायची. सूरतेच्या आणि कोकण किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांना तो माल परका नव्हता.

आपल्या देशात कॉफीचं झाड आलं त्याची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या सूफी साधूने हजहून परतताना सात बिया आणल्या आणि आजच्या चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा आहे. त्या डोंगराला आज त्यांचंच नाव आहे. सात हा आकडा परंपरेतला आहे, तो तसाच घ्यावा. पण तो डोंगर कोणता? सह्याद्रीचाच. पाटणच्या पश्चिमेला आपल्याला जी रांग दिसते, तीच पुढे दक्षिणेला जाते आणि तिच्या अंगावर कॉफी पिकते. महाराष्ट्रात कॉफीचं पीक म्हटलं की नाव निघतं ते थेट विदर्भातल्या चिखलदऱ्याचं.

आता गंमत बघा. एकोणिसाव्या शतकात कोडगू आणि चिकमगळूरमध्ये इंग्रजांनी मोठमोठे मळे उभे केले. पण ती कॉफी मुख्यतः बोटीत बसून विलायतेला जायची. मळ्यात राबणारा मजूर ती पीत नव्हता. देशातल्या माणसाने कॉफी प्यावी अशी गरज मळेवाल्यांना वाटली ती पुष्कळ उशिरा, १९३० नंतरच्या जागतिक मंदीत, जेव्हा बाहेरचा भाव कोसळला. १९३५ मध्ये कॉफीवर सेस बसवण्याचा कायदा झाला. त्या पैशातून प्रचार सुरू झाला आणि १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं ‘इंडिया कॉफी हाऊस’ उघडलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात निर्यात आणखी अडचणीत आली आणि १९४२ च्या कायद्याने कॉफीची सगळी विक्री सरकारी मंडळाच्या हातात गेली. मळेवाल्याने आपला माल मंडळाला द्यायचा, मंडळाने तो लिलावात विकायचा, ही पद्धत जवळजवळ अर्धं शतक चालली. ती पूर्णपणे सुटली १९९६ मध्ये.

हे सगळं सांगायचं कारण असं, की ‘भारतीय माणसाला कॉफी आवडते’ हे वाक्य काही प्रमाणात एका अडलेल्या बाजारातून तयार झालं आहे. चहाचं तर याहून स्पष्ट. १९०३ पासून चहावर सेस होता. त्या पैशातून रेल्वे स्टेशनांवर देशी भाषांतले पत्र्याचे फलक लागले. चहा कसा करावा, ते त्यावर पायरी-पायरीने लिहिलेलं असे: पाणी ताजं घ्या, उकळलं की पत्तीवर ओता, पाच मिनिटं झाकून ठेवा, दूध-साखर वरून घाला. आपण काय केलं? फलक वाचला आणि सगळं एकत्र पातेल्यात घालून उकळलं! (हशा) हसू नका, ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. बाजार माल देऊ शकतो, जाहिरात देऊ शकतो. घर त्याचं शेवटी काय करील, हे बाजाराच्या हातात राहत नाही.

एकच कूळ, दोन चवी

याचा एक सुंदर पुरावा महाराष्ट्राबाहेर सापडतो. १६७५-७६ च्या सुमारास शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे तंजावरला स्थिरावले. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून देशावरची पुष्कळ मराठी कुटुंबं तिकडे गेली. १८५५ मध्ये ते राज्य संपलं, पण ती माणसं तिथेच राहिली. आजही त्या घरांत एक वेगळ्या वळणाची मराठी बोलली जाते. आणि त्या घरांत सकाळी काय होतं? फिल्टर कॉफी. दोन खणांचं पितळी नाहीतर स्टीलचं भांडं, वरच्या खणात पूड दाबून बसवलेली, तिच्यावर उकळतं पाणी, आणि खाली थेंब-थेंब उतरणारा दाट अर्क. त्यात गरम दूध घालायचं, टंबलर आणि डबरा यांच्यात उंचावरून ओतून फेस आणायचा.

म्हणजे देव तेच, आडनावांतही पुष्कळ साम्य, सणवार बरेचसे तेच. कृष्णाकाठी राहिलेल्या शाखेच्या घरी सकाळी आल्याचा चहा उकळतो आणि कावेरीकाठी गेलेल्या शाखेच्या घरी कॉफी ठिबकते. चव जर रक्तात असती, तर असं झालं नसतं.

बरं, तमिळ प्रदेशात तरी कॉफी ‘पहिल्यापासून’ होती का? तिथलीही गोष्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. इतिहासकार ए. आर. वेंकटाचलपती यांनी त्यावर लिहिलं आहे. २००६ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावाचाच अर्थ होतो, ‘त्या काळी कॉफी नव्हती’. सकाळी रात्रीचा आंबवलेला भात खाण्याची जुनी रीत मागे पडली आणि तिथे कॉफी आली, तेव्हा तिकडच्या जाणत्या मंडळींनी चिंता केली, की ह्या व्यसनाने घरं बिघडणार. आज तीच कॉफी तिथल्या घराची ओळख आहे. बिघाड म्हणून आलेली गोष्ट दोन पिढ्यांत परंपरा होते. हे लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

काढा आणि बासुंदी

आता आपल्या घरात येऊ. मराठी मध्यमवर्गीय घरात कॉफी आली ती बहुतांशी डब्यातून. १८८८ मध्ये पेस्तनजी एदलजी दलाल नावाच्या एका पारशी मुलाने मुंबईत कॉफी भाजून-दळून विकायचं छोटं दुकान काढलं. वय अवघं तेरा. त्याच्या धंद्याचं नाव पुढे ‘पोल्सन’ झालं. पोल्सन म्हटलं की आपल्याला लोणी आठवतं, पण सुरुवात कॉफीची आहे. त्या कॉफीत चिकोरी मिसळलेली असे.

चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ. भाजून दळलं की काळं, कडसर, जरा गोडूस लागतं. कॉफीचा तिच्याशी काही संबंध नाही. युरोपात नेपोलियनच्या काळात, १८०६ नंतर, इंग्लंडशी व्यापार बंद झाल्याने कॉफी मिळेना, तेव्हा चिकोरीची चाल वाढली. म्हणजे टंचाईतली काटकसर. पण लोकांच्या जिभेला ती बसली. दूध घातल्यावरही रंग टिकतो, दाटपणा येतो, आणि पूड स्वस्त पडते. आपल्याकडे आली ती हीच मिसळलेली कॉफी. आजही कोणी निव्वळ कॉफी दिली, तर आपल्याकडची वयस्कर मंडळी म्हणतात, ‘पातळ लागते, कस नाही.’ त्यांना जो कस हवा आहे, तो नेपोलियनच्या नाकेबंदीतून आलेला आहे!

पूड घरात आली, पण करायची कशी? फिल्टरचं भांडं नव्हतं. मग घराने आपल्याजवळ जे ज्ञान होतं ते वापरलं. मराठी स्वयंपाकघराला पूड आणि पाणी एकत्र आलं की एक कृती नक्की ठाऊक होती, ती म्हणजे काढा. उकळायचं, आटवायचं, फडक्यातून गाळायचं. कॉफीचंही तसंच झालं. त्यात दूध आणि साखर भरपूर. आणि मग वेलदोडा, जायफळ.

इथे जरा थांबू. चहात आपण काय घालतो? आलं, गवती चहा, कधी तुळस. हे सगळं सर्दी-पडशाच्या काढ्यातलं सामान आहे. आणि कॉफीत काय घालतो? जायफळ आणि वेलदोडा. हे कुठलं सामान? बासुंदीचं, पुरणाचं, श्रीखंडाचं. म्हणजे घराने दोन परक्या पेयांना दोन वेगवेगळ्या जागी बसवलं. चहा गेला औषधाच्या फळीवर आणि कॉफी गेली पक्वान्नाच्या. चहा रोजचा झाला आणि कॉफी सणाची झाली, ते नुसतं किमतीमुळे झालं नाही. मसाल्याच्या डब्यातल्या ह्या वाटणीचाही त्यात हात असावा, असं आम्हाला वाटतं. आणि एक मौज. जायफळ आपण झोप येण्यासाठी देतो आणि कॉफी झोप उडवण्यासाठी पितो. दोन्ही एका पातेल्यात! (हशा) तर्काला हे पटणार नाही. चवीला काही अडचण आली नाही.

कप कोणाचा?

आतापर्यंत आपण मजेत बोललो. आता जरा अवघड भागाकडे वळू. घरातल्या पेयाचा इतिहास नुसता पूड, दूध आणि मसाला यांचा नसतो. तो कपाचाही असतो.

१८९० च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. व्याख्यानं झाल्यावर मिशनच्या मंडळींनी चहा-बिस्किटं पुढे केली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, पुण्यातली आणखी मान्यवर मंडळी होती. काहींनी चहा घेतला, काहींनी मान राखायचा म्हणून कप नुसता हातात घेऊन ठेवला. गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या पतींनी, हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि पुण्यात वादळ उठलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, तेव्हा सुधारक त्यांच्यावर नाराज झाले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत ह्या प्रकरणाबद्दल लिहिलं आहे.

त्या दिवशी चहा कसा झाला होता, कडक की फिकट, हे कुणीच नोंदवलेलं नाही. चवीशी कोणाला कर्तव्यच नव्हतं. प्रश्न होता, कोणाच्या हातचा, कोणाच्या घरात आणि कोणाच्या कपातून.

दुसरी गोष्ट कोल्हापूरची. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरी काम करणारे अस्पृश्य समाजातले गृहस्थ. पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलं आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल काढलं, त्याचं नाव ‘सत्यसुधारक’. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, तरी गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवून घेऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. ह्या गोष्टीत चहा उत्तम असूनही ‘बेचव’ ठरत होता आणि राजाने प्यायल्यावर ‘चवदार’ ठरला. मग चव नेमकी कुठे होती?

ही गोष्ट पुण्या-कोल्हापुरापुरती ठेवून आपल्याला मोकळं होता येणार नाही. आमच्या पिढीने आपल्याच सातारा-सांगलीच्या गावांत पाहिलं आहे. घराच्या वळचणीला, गोठ्याच्या कोनाड्यात, कान तुटलेला एक कप वेगळा ठेवलेला असे. कामाला आलेल्या माणसाने तो स्वतः घ्यायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, स्वतः विसळून परत ठेवायचा. हॉटेलांतही वेगळे कप होते. आज आपण जुन्या घरातल्या चुलीवरच्या चहाची, पितळी पातेल्यातल्या कॉफीची आठवण फार प्रेमाने काढतो. जरूर काढावी. पण त्याच घरात तो कोनाडाही होता. पातेलं आठवतं आणि कोनाडा आठवत नाही, असं होत असेल, तर आपण इतिहास सांगत नाही, आपल्या सोयीचं सांगतो. ज्यांच्या वाट्याला तो कप आला, त्यांच्या घरी जाऊन विचारलं, की चहाची पहिली आठवण काय, तर उत्तर वेगळं येईल. तेही ह्याच चवीच्या इतिहासातलं आहे.

आणि घराच्या आतही एक रांग होती. पहिला कप पाहुण्याला, मग घरातल्या कर्त्याला, मग मुलांना. जिने केलं, तिला शेवटी पातेल्यात उरलेलं, पुन्हा गरम केलेलं. साखर महाग, तेव्हा पाहुण्याला साखरेचा आणि घरच्यांना गुळाचा. कॉफीची पूड डब्यात असली तरी ‘आज मला कॉफी प्यावीशी वाटते’ हे वाक्य सुनेने म्हणायचं नसे. तिची आवड काय, हे विचारलंच जात नव्हतं, तर ती बदलली की नाही, हे आपल्याला कसं कळणार?

पातेलं मागे पडलं, कप आला

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या खोऱ्यात पुष्कळ उलथापालथ झाली. कोयनेचं धरण झालं, गावं उठली. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे भूकंप झाला. आणि त्याच्या कितीतरी आधीपासून पाटण-जावळीची माणसं मुंबईच्या गिरण्यांत होती. गिरणगावातल्या खोलीत चूल नव्हती, स्टोव्ह होता. दहा-दहा जणांच्या खोलीत दूध बेताचं, वेळ बेताचा. तिथे चहा कडक झाला आणि पटकन झाला. त्याला साथ मिळाली दाणेदार चहाची. पत्ती चुरडून गोळी करणारं यंत्र आसामात १९३० च्या सुमारास निघालं, आणि स्वातंत्र्यानंतर तो चहा देशभर पसरला. थोड्या भुकटीत जास्त कप आणि गडद रंग. गिरणी कामगार गणपतीला, यात्रेला गावी आला, की पिशवीत चहाची पुडी असायची आणि बरोबर मुंबईची चवही यायची.

कॉफीच्या बाबतीत खरा बदल केला तो इन्स्टंट कॉफीने. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये नेसकॅफे बाजारात आली. आपल्याकडे घरोघरी तिच्या काचेच्या बाटल्या दिसू लागल्या त्या साठ-सत्तरच्या दशकांनंतर. नोकरदार घरात ती बाटली फळीवर समोर ठेवायची वस्तू होती, आणि संपल्यावर तिच्यात जिरं नाहीतर लवंगा भरायच्या.

तिने चवीपेक्षा मोठी गोष्ट बदलली. आतापर्यंत कॉफी पातेल्यात होत होती, म्हणजे घराची होत होती. एकदा टाकली की सगळ्यांना तीच, तितकीच गोड. इन्स्टंट कॉफीला पातेलं लागत नाही, गाळणं लागत नाही, चोथा उरत नाही. चमचाभर पूड, एक कप दूध, झालं. म्हणजे कॉफी पहिल्यांदा एका माणसापुरती करता येऊ लागली. दहावीचा अभ्यास करणारा मुलगा रात्री अकरा वाजता स्वतःची करून घेऊ लागला. आणि दुपारी सगळे बाहेर गेल्यावर घरातली बाई स्वतःसाठी एक कप करू लागली, पहिल्या वाफेचा, ताजा. ‘माझी आवड’ हा शब्द घरात शिरायला एका माणसापुरतं करता येईल असं साधन लागलं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही व्यक्तिस्वातंत्र्याबद्दल पुष्कळ शिकवलं. त्याचा थोडा भाग त्या काचेच्या बाटलीतही होता.

त्याच काळात पूड आणि साखर चमच्याने फेटायची पद्धत आली. दोन थेंब पाणी घालून हात दुखेपर्यंत फेटायचं, रंग फिका होईपर्यंत, मग वरून दूध. लग्नाच्या मांडवात वाफेचं यंत्र आलं. फेसावर चॉकलेटची पूड टाकलेल्या त्या गोड दुधाळ पेयाला आपण ‘एक्स्प्रेसो’ म्हणत होतो. इटालियन माणूस ते पाहून गोंधळला असता. पण पंगतीत ती मागून-मागून प्यायली जायची. आणि २०२० च्या टाळेबंदीत कोरियातून ‘डालगोना’ नावाने फेटलेल्या कॉफीची लाट आली, तेव्हा आमच्या वयाच्या कितीतरी बायका म्हणाल्या असतील, ‘अगं, ही तर आमची फेटलेली कॉफी!’

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. १९९६ मध्ये बंगळुरूला ब्रिगेड रोडवर पहिलं कॅफे कॉफी डे उघडलं. वर्ष लक्षात घ्या, मळेवाले सरकारी विक्रीतून पूर्ण मोकळे झाले तेच हे वर्ष. २०१२ मध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलला स्टारबक्स आलं. आपल्या कऱ्हाडवरून जाणारा पुणे-बंगळुरू महामार्ग नोकरीसाठी मुलांना दोन्ही टोकांना घेऊन गेला. ती मुलं आता दिवाळीला घरी येतात ती छोटी चक्की, भाजलेले दाणे आणि फ्रेंच प्रेस घेऊन. पाण्याचं तापमान बघतात, पूड वजन करून घेतात, आणि दुधा-साखरेशिवाय पितात. आजी एक घोट घेते आणि म्हणते, ‘हा तर काढा झाला.’

आजी अगदी बरोबर बोलते! शंभर वर्षांपूर्वी ह्याच घराने कॉफीला काढा समजून उकळलं होतं. मधल्या काळात दूध, साखर, जायफळ घालून काढेपणा घालवला. आता नातू तो परत घेऊन आला आहे.

उलटंही झालंय. गुळाचा चहा हा एकेकाळी साखर परवडत नाही याची खूण होता. पाहुण्यासमोर तो ठेवायला संकोच वाटायचा. आज हमरस्त्यावर ‘गुळाचा चहा’ अशी मोठी पाटी लावून तो साध्या चहापेक्षा जास्त पैशांना विकतात, आणि गाड्या थांबवून लोक पितात. गूळ तोच. त्याचा अर्थ बदलला.

पिंपातली किल्ली

इथे एक चिठ्ठी आली आहे. कोणीतरी लिहिलंय, ‘सर, मग खरी कॉफी कोणती? ज्याला जे आवडतं ते, असंच का?’ प्रश्न चांगला आहे.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७५७ मध्ये रुचीवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट घेतली आहे. दोन जाणकारांना पिंपातल्या मद्याची पारख करायला बोलावतात. एक म्हणतो, चांगलं आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणतो, चांगलं आहे, पण किंचित लोखंडाची चव लागते. लोक दोघांना हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी सापडते चामड्याच्या वादीत ओवलेली एक जुनी किल्ली.

ह्यूम यांचा मुद्दा असा, की चव ही नुसती मनाची लहर नाही. सरावाने, तुलनेने, पूर्वग्रह बाजूला ठेवून जीभ घडवता येते, आणि घडलेल्या जिभेला खरोखर असलेली गोष्ट कळते. म्हणून नातू जेव्हा म्हणतो, की ह्या दाण्यात आंबटपणा आहे, त्या दाण्यात नाही, तेव्हा त्याला हसू नका. आपल्या देशात सुमारे ७०% कॉफी रोबस्टा जातीची होते, बाकीची अरेबिका. दोन्हींत फरक आहे आणि तो शिकून कळतो. तसंच आजी जेव्हा म्हणते, जायफळ जुनं झालंय, तेव्हा तीही तितकीच जाणकार असते. पन्नास वर्षांचा सराव आहे तिचा.

पण इतिहास शिकणाऱ्याने एक प्रश्न आणखी विचारायचा असतो. पिंपात किल्ली टाकली कोणी? कॉफीत चिकोरी कोणी घातली, कोणत्या अडचणीत? मंदीत भाव कोसळले, म्हणून आपल्यापुढे कॉफी आली. आपल्या कपात सगळ्यांच्या किल्ल्या आहेत. युद्धाची आहे, सेसची आहे, गिरणीच्या पाळीची आहे, गोठ्यातल्या कोनाड्याची आहे. त्या किल्ल्या आहेत म्हणून आपली चव खोटी ठरत नाही. घरातल्या कोणीतरी त्या परक्या पुडीत आपल्या डब्यातलं जायफळ किसून टाकलं, तेव्हाच ती आपली झाली. ‘आमच्याकडची कॉफी’ म्हणायचा हक्क आपल्याला तिथून मिळतो. ती अनादी काळापासून आहे, असं सांगायची काही गरज नाही.

तेव्हा चिठ्ठीचं उत्तर असं. चांगली आणि वाईट कॉफी असते, आणि ती ओळखायला शिकता येतं. ‘खरी कॉफी’ मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याला कमी लेखायला वापरलेला शब्द असतो. फ्रेंच प्रेसवाला जायफळवाल्याला म्हणतो, तुमची खरी नाही. जायफळवाला म्हणतो, ही तुमची आपली नाही. दोघांनी एकमेकांच्या कपातला एक घोट घ्यावा. पंचहौद मिशनपासून सत्यसुधारक हॉटेलपर्यंत आपण पाहिलं, की ह्या महाराष्ट्रात दुसऱ्याच्या कपातला घोट घेणं ही कधीच साधी गोष्ट नव्हती.

जाता जाता एक काम देतो आहोत. आज घरी गेल्यावर घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईंना तीन प्रश्न विचारा. तुमच्या लहानपणी चहा-कॉफी कशात व्हायची? कोणाकोणाला मिळायची आणि कोणाला कशातून? आणि तुम्हाला स्वतःला कशी आवडायची? उत्तर मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा, तारीख घालून. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच येतील. तिसऱ्याला बहुधा थोडा वेळ लागेल, कारण तो त्यांना फारसा कोणी विचारलेला नसतो. तेवढा वेळ शांत बसा. आणि उत्तर आलं, की त्याप्रमाणे एक कप करून त्यांच्या हातात द्या.